जनरल डब्याचा हिशेब : परभणी ते दादर

परभणीच्या माणसाला मुंबई लांब नाही, मुंबईच्या गाडीतली जागा लांब आहे, असे आम्ही आपसांत गमतीने म्हणतो. रुळाने मोजले तर परभणी ते दादर हे अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरते. गाड्याही नाहीत असे नाही. रात्रीची देवगिरी आहे, नंदीग्राम आहे, दिवसाची तपोवन आहे. २६ ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून सुटणारी वंदे भारतसुद्धा परभणीला थांबू लागली आहे. वेळापत्रकाचा तक्ता वाचून एखाद्या परगावच्या माणसाला वाटेल की परभणीकरांची चैन आहे. पण तक्त्यात गाडीची वेळ छापलेली असते, गर्दी छापलेली नसते.

आमच्या जिल्ह्यातून या गाड्यांत चढणारा माणूस कोण, हे आधी सांगितले पाहिजे. पूर्णा, परभणी, पेडगाव, मानवत रोड, सेलू ही या लोहमार्गावरची आपली स्टेशने. गंगाखेडचा माणूस परळीच्या फाट्यावरून परभणीत येऊन गाडी बदलतो. मानवत रोडचे स्टेशन तर गावापासून इतके लांब आहे की रिक्षाचे भाडे धरले म्हणजे प्रवास घरातूनच सुरू होतो. या स्टेशनांवर गाठोडे घेऊन उभा असलेला माणूस बहुधा कल्याण-उल्हासनगरकडे बिगारी कामाला जाणारा असतो, नाहीतर मुलाच्या नोकरीच्या परीक्षेला त्याच्यासोबत निघालेला बाप असतो, नाहीतर मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायला नेलेली म्हातारी असते. बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या लेकीबाळी असतात. यांतल्या बहुतेकांना प्रवासाची तारीख दोन महिने आधी माहीत नसते. दुखणे किंवा मयत तारीख सांगून येत नाही आणि मुकादमाचा निरोप तर आदल्या दिवशी येतो. म्हणून ही मंडळी आरक्षणाच्या खिडकीकडे फिरकतच नाहीत. त्यांचे तिकीट जनरलचे असते.

जनरलचे डबे एकतर इंजिनाला लागून नाहीतर गाडीच्या शेपटाला. फलाटावर नवखा माणूस मध्ये उभा राहतो आणि गाडी आली की लेकरे-बोचकी घेऊन धावत सुटतो. जुना माणूस आधीच टोकाला जाऊन बसलेला असतो. गाडी पुरती थांबायच्या आत पोरे दांड्याला लोंबकळतात, खिडकीतून रुमाल, टोपी, पायातली चप्पल, हाताला लागेल ते बाकावर पडते आणि जागा 'धरली' जाते. या रुमालाला कुठल्या कायद्यात स्थान नाही, तरी त्याच्यावरून आम्ही माणसे हातघाईवर आलेली पाहिली आहेत.

मागे एकदा आम्ही घरची पाच माणसे अशाच एका गाडीत चढलो. आमची आई, सौ., दोन मुले आणि आम्ही. आई सत्तरीच्या पुढची. दारात माणसे इतकी दाटलेली की तिला अक्षरशः उचलून आत घ्यावे लागले. आत संडासाच्या दाराशी एक बाई तान्हे लेकरू घेऊन खालीच बसली होती. आईने तिला विचारले, "माय, कुठवर जायचं?" ती म्हणाली, "कल्याणला. तुमी इथंच टेका आजी, जालन्याला जागा हुती म्हन्तेत." जालन्याला जागा झाली नाही, उलट आणखी माणसे चढली. पण एका पोराने आईला पाहून आपली अर्धी जागा दिली आणि स्वतः वरच्या सामानाच्या फळीवर जाऊन पाय सोडून बसला. औरंगाबाद येईपर्यंत त्याचे तळवे आमच्या डोक्यावर होते. राग यावा तर त्याच्याच जागेवर आमची आई बसलेली!

उभ्या उभ्या आम्ही माणसे मोजायला घेतली. कारकुनी हाताला दुसरे काय सुचणार? दीडशेच्या पुढे गेल्यावर मोजणे सोडून दिले, कारण माणसे हलत होती आणि दिसेनातही. जुन्या बांधणीच्या जनरल डब्यात बसायच्या जागा साधारण ९०, नव्या बांधणीच्या डब्यात १०० च्या घरात. संडास दोन्हींत चारच. म्हणजे डब्यात ठरल्याइतकीच माणसे बसली तरी पंचवीस माणसांमागे एक संडास. दुप्पट माणसे भरली की पन्नासांमागे एक, आणि त्या चारांतल्या एकात बोचकी रचलेली आणि दुसऱ्यासमोर माणसे निजलेली असतात. गाडीला असे दोनच डबे असतील तर सगळ्या मिळून जागा १८० ते २००. आणि ही गाडी अनेक जिल्ह्यांतून माणसे गोळा करीत येते.

बायकांचे हाल तर वेगळेच. आमच्या सौ. प्रवासाच्या दिवशी दुपारपासून पाणी पीत नाहीत. ही त्यांची एकटीची सवय असावी असे आम्हाला वाटत होते. डब्यात चौकशी केल्यावर कळले की जवळजवळ प्रत्येक बाईने हेच केले आहे. तान्ह्या लेकराची आईसुद्धा सकाळपासून कोरडी होती, आणि तिचे लेकरू तिच्या अंगावर पिणारे. रेल्वेने आपल्या डब्यांना जैविक संडास बसविण्याचे काम २०१९ पर्यंत पुरे केले, रुळांवर घाण पडायची बंद झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण बाईला दारापर्यंत पोचताच येत नसेल तर आतला संडास कितीही सुधारलेला असून उपयोग काय?

त्या डब्यात आमच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक पूर्णेचे काका होते. पूर्णा म्हणजे रेल्वेचेच गाव. तिथल्या रेल्वे कॉलनीत आपल्या समाजाची घरे आहेत, विहार आहे, धम्म परिषदा भरतात. काका बाकावरच्या गादीवर हात ठेवून म्हणाले, "हे मऊ हाय ना, हे आपल्याला फुकट नाही भेटलं. आमच्या येळेला निस्त्या लाकडाच्या पट्ट्या होत्या. मुंबईला उतरलं की पाठीवर पट्ट्या उमटायच्या." काकांचे म्हणणे खरे आहे, आणि त्यामागची गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

१९७७ साली केंद्रात जनता पक्षाचे सरकार आले आणि प्रा. मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. अहमदनगरला जन्मलेले, राजापूरमधून लोकसभेवर निवडून गेलेले हे समाजवादी गृहस्थ. राजकारणात येण्यापूर्वी त्यांनी मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात वर्षानुवर्षे पदार्थविज्ञान शिकविले. सिद्धार्थ महाविद्यालय म्हणजे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सुरू केलेले कॉलेज. तिथल्या वर्गात गिरणीकामगारांची, झाडूवाल्यांची मुले समोर बसलेली पाहणाऱ्या प्राध्यापकाला दुसऱ्या वर्गाच्या उतारूची पाठ आठवली, यात आम्हाला आश्चर्य वाटत नाही. दुसऱ्या वर्गाच्या शयनडब्यांतील लाकडी फळ्यांवर दोन इंच फोमची गादी घालायचा निर्णय त्यांच्या कारकिर्दीत झाला. मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस २६ डिसेंबर १९७७ रोजी सुरू झाली, तिला पहिला वर्ग ठेवलाच नव्हता. सगळे उतारू एकाच दर्जाचे. दंडवते जुलै १९७९ पर्यंतच मंत्री होते. अडीच वर्षेही पुरी नाहीत. पण त्यानंतर आलेल्या कोणाही मंत्र्याला ती दोन इंच गादी परत काढून घेण्याचे धाडस झाले नाही. जनरल डब्यात मात्र लाकडी फळ्या पुढेही बरीच वर्षे राहिल्या, हेही सांगितले पाहिजे.

त्याआधी १९७४ साली 'तिसरा वर्ग' रद्द झाला होता. म्हणजे डब्यावरचे तीन दांडे पुसून दोन केले. फळी तीच आणि गर्दीही तीच. पाटी बदलून माणसाची स्थिती बदलत नाही, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको.

हे वर्ग आपल्याकडे इंग्रजांनी आणले. खुद्द इंग्लंडात त्यांच्या गरिबांची काय अवस्था होती ती पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला तिथे तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना छप्पर नसलेल्या उघड्या वाघिणींतून, मालाबरोबर नेत. १८४१ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी सॉनिंग या ठिकाणी खचलेल्या दरडीवर अशी एक गाडी आदळली आणि नऊ जण मेले. त्या गाडीत लंडनमध्ये नव्या पार्लमेंटच्या इमारतीचे बांधकाम करणारे गवंडी-मजूर होते, सणाला घरी निघालेले. त्यानंतर १८४४ साली त्याच पार्लमेंटने कायदा केला. नव्या रेल्वे कंपन्यांनी दिवसातून निदान एक गाडी अशी चालवावी, की तिच्यात तिसऱ्या वर्गालाही बसायला बाक आणि डोक्यावर छप्पर असेल, वेग ताशी १२ मैलांहून कमी नसेल आणि भाडे मैलाला १ पेनीच्या वर नसेल. पुढे १८७५ साली मिडलँड रेल्वे या कंपनीने दुसरा वर्गच काढून टाकला आणि तिसऱ्या वर्गाच्या बाकांना गाद्या घातल्या. बाकीच्या कंपन्या संतापल्या, पण उतारू मिडलँडकडे वळू लागल्यावर त्यांनाही सुधारावे लागले.

आज तिथले सगळे गोड आहे असे कोणी समजू नये. २००१-०२ च्या सुमारास तिथल्या क्रॉसकंट्री मार्गावरच्या जुन्या लांब गाड्या काढून चकचकीत, वेगवान, पण चार-पाच डब्यांच्याच गाड्या आणल्या गेल्या. फेऱ्या वाढविल्या, म्हणजे गर्दी वाटली जाईल असा हिशेब. झाले उलटेच. नव्या गाड्यांना माणसे जास्त आली आणि डबे कमी पडले. भरपूर भाडे मोजूनही उतारू संडासापाशी सामानावर बसून जातात, अशी ओरड तिथेही झाली. आमच्या गाडीला तर वीस-बावीस डबे, त्यांना चार. श्रीमंत देश आणि गरीब देश, पण चूक एकच : गाडी कशी दिसते ते पाहिले, गाडीत किती माणसे येणार ते मोजले नाही.

औरंगाबाद आले. आता त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण डब्यातली वयस्क माणसे अजून जुन्याच नावाने ओळखतात. परभणीहून इथवर १७७ किलोमीटर. याच रुळावरून, तेव्हा तो अरुंद मीटरगेज होता, आपल्या मागच्या पिढीची पोरे हातात पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात शिकायला गेली. बाबासाहेबांनी १९५० साली तिथे महाविद्यालय काढले नसते तर मराठवाड्यातल्या किती घरांत पहिला पदवीधर एक पिढी उशिरा झाला असता! त्या पोरांपैकी कितीजणांना त्या गाडीत बसायला जागा मिळाली असेल, कोण जाणे.

निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड हा मीटरगेज मार्ग झाला. तो रुंद होईपर्यंत, म्हणजे १९९० नंतरची पहिली काही वर्षे जाईपर्यंत, परभणीहून मुंबईला सरळ गाडी नव्हती. मनमाडला उतरायचे, बोचकी डोक्यावर घेऊन दुसरा फलाट गाठायचा आणि मोठ्या रुळाच्या गाडीत पुन्हा घुसायचे. म्हणजे जागेसाठी एकाच रात्री दोनदा लढाई. मनमाडच्या फलाटावर थंडीत पोटाशी घेतलेली लेकरे आणि मडक्यातले पाणी हे चित्र चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक परभणीकराला आठवत असेल. आमच्या मुलांना सांगितले तर त्यांना ती गोष्ट वाटते.

मनमाडला गाडी थांबली की आम्ही मुलांना आणखी एक गोष्ट सांगतो. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी याच मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे त्यांनी तिथेच बजावले. त्या भाषणात त्यांनी रेल्वेतले रोजचे उदाहरण दिले होते. आपल्या माणसाला रुळावर गँगमन म्हणून राबता येई, पण साधा पोर्टर होता येत नसे. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम सांगितले जाई, आणि मास्तर सवर्ण असल्याने त्याच्या घराला आपला हात चालत नसे. रूळ आपण टाकायचे, खडी आपण फोडायची आणि स्टेशनात मात्र पाय ठेवायचा नाही.

बाबासाहेबांना स्वतःलाही लहानपणी हे भोगावे लागले. १९०१ साली ते भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाले. गाडीतला प्रवास आनंदात झाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर स्टेशनमास्तरने जात विचारली, आणि ती कळताच तो पाच पावले मागे सरला. पुढे बैलगाडी मिळेना, पाणी मिळेना. ही हकिकत त्यांनीच लिहून ठेवली आहे. आम्ही ती वाचतो तेव्हा एका गोष्टीकडे नेहमी लक्ष जाते. अपमान स्टेशनवर झाला, गाडीच्या रस्त्यावर झाला. डब्यात झाला नाही. आजच्या जनरल डब्यातही कोणी कोणाच्या मांडीला मांडी लावून बसला आहे ते विचारायची सोय नाही. आमच्या आईने शेजारच्या बाईची भाकरी खाल्ली, तिने आमचा ठेचा खाल्ला, आणि आडनाव दोघींनीही विचारले नाही. गर्दीचा एवढा एक गुण आम्ही मान्य करतो. पण या गुणासाठी गर्दी टिकवून ठेवावी असे जर कोणी म्हणेल, तर त्याने आधी एक रात्र तिथे उभे राहून काढावी.

कसारा घाट उतरताना पहाट होते. कल्याणला निम्मा डबा रिकामा झाला. ते तान्हे लेकरू आणि त्याची आई तिथेच उतरली. आईने त्याच्या मुठीत दहाची नोट ठेवली. परभणीपासून कल्याणपर्यंत त्या बाईला बाक काही मिळाला नव्हता.

दादर म्हटले की आपल्या वाचकांच्या मनात पहिल्यांदा ६ डिसेंबरच येतो. त्या आठवड्यात परभणी, पूर्णा, नांदेडहून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला निळे झेंडे लागलेले असतात. रेल्वे त्या दिवसांत नागपूर, नांदेडकडून मुंबईसाठी जादा अनारक्षित गाड्या सोडते, हे नमूद करणे भाग आहे. दसऱ्याला नागपूरकडेही तशीच रीघ असते. आपल्या परभणीवरून आठवड्यातून एकदा कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्स्प्रेस जाते, नागपूर करून पुढे गयेला. नावावरून वाटते की गाडी आपलीच. पण ६ डिसेंबरच्या गर्दीबद्दल दरवर्षी एक तक्रारही ऐकू येते : हे लोक तिकीट काढीत नाहीत आणि आरक्षित डब्यात घुसतात. ही तक्रार ऐकली की आपल्यातले काहीजण चिडतात, काही मान खाली घालतात. आम्हाला दोन्ही पसंत नाही.

याचा हिशेब साधा आहे. जादा डबा लावायचा की नाही, जादा गाडी सोडायची की नाही, हे रेल्वे कशावरून ठरविते? खिडकीवर किती तिकिटे खपली आणि प्रतीक्षायादी किती लांबली यावरून. विनातिकीट माणूस डब्यात जागा घेतो, पण रेल्वेच्या वहीत त्याची नोंदच नाही. वहीत जो नाही त्याच्यासाठी डबा कोण लावणार? शंभर माणसे विनातिकीट गेली तर पुढच्या वर्षीच्या शंभर जागांवर आपणच पाणी सोडले. म्हणून आमच्या वस्तीतल्या मंडळाने गेली काही वर्षे एक पद्धत ठेवली आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी विहारात वही मांडायची. कोण जाणार, किती माणसे, किती लेकरे, म्हातारी कोण, कुठल्या गाडीने, सगळे लिहायचे. पैसे आधी जमा करायचे. ज्यांना शक्य आहे त्यांचे आरक्षण एकत्र, बाकीच्यांचे जनरलचे तिकीट ज्या त्या दिवशी. पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट लागत नाही, पाच ते बारापर्यंत जनरलला अर्धे लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि उगीच भीतीने किंवा उगीच बेफिकिरीने गोंधळ होतो. मग ती संख्या निवेदनात लिहून कचेरीत द्यायची आणि पोहोच घ्यायची. पोहोच मिळाली म्हणजे डबा मिळाला असे नाही, हे आम्हाला कळते. पण आकडा कागदावर चढला, आणि तारीख घालून चढला.

परभणी स्टेशनच्या बाहेर बाबासाहेबांचा पुतळा आहे, समोर संविधानाची प्रतिकृती. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथे जे घडले आणि त्यानंतर परभणीने जे सोसले, तो या लेखाचा विषय नाही. एवढेच सांगतो की आमची मंडळी गाडीला जाण्यापूर्वी तिथे थांबतात, आणि तिकिटे वाटण्याचे कामही तिथेच होते.

म्हाताऱ्या माणसांबद्दल एक गोष्ट राहिली. पूर्वी ६० वर्षांवरील पुरुषांना भाड्यात ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये ती बंद झाली, आणि साथ ओसरल्यावरही सुरू झाली नाही. ज्या म्हातारीला स्लीपरचे अर्धे तिकीट परवडत होते, ती आता पूर्ण भाडे ऐकून म्हणते, "जनरलनंच जाऊ की, एका रातीचा तर सवाल हाय." म्हणजे सवलत काढल्याने म्हातारी माणसे घरी बसली नाहीत, ती जनरल डब्याच्या दारात आली. तिकडे स्लीपरचे डबे कमी करून वातानुकूलित डबे वाढत गेले, त्यामुळे स्लीपरमधला माणूसही सरकत सरकत इकडेच आला.

वंदे भारतबद्दल आमचे मत विचारणारे पुष्कळ भेटतात. ३० डिसेंबर २०२३ रोजी ती जालना-मुंबई म्हणून आठ डब्यांची सुरू झाली, नंतर नांदेडपर्यंत आली आणि वीस डब्यांची झाली. गाडी उत्तम आहे. पहाटे निघून दुपारी मुंबईत. आमच्या कचेरीतले काहीजण तिने गेले आणि खूश होऊन आले. तिला नावे ठेवायचे आम्हाला कारण नाही. फक्त त्या वीस डब्यांत जनरलचा डबा एकही नाही, हे आम्ही मोजले. परभणी ते मुदखेड हा मार्ग दुहेरी झाला, विजेच्या तारा आल्या, हेही मोजतो. रूळ मोकळा झाला तर साध्या गाड्याही वाढायला हरकत नसावी. २०२४ पासून रेल्वेने मेल-एक्स्प्रेस गाड्यांचे जनरल डबे वाढविण्याचे धोरण जाहीर केले आहे, दोनाचे चार करण्याची भाषा आहे. चार डबे म्हणजे ४०० जागा आणि १६ संडास. आपल्या गाड्यांना ते लागले की नाही हे पाहायला पत्रव्यवहाराची गरज नाही. फलाटावर उभे राहून डबे मोजता येतात. सेलू, मानवत रोड, पूर्णा, गंगाखेडच्या वाचकांनी आपापल्या स्टेशनावर येणाऱ्या गाडीचे जनरल डबे मोजून, गाडीचे नाव आणि तारीख लिहून, आम्हाला या पत्रावर पोस्टकार्डाने कळवावे. मुलांना हे काम सांगितले तर ती आनंदाने करतील.

परतीच्या प्रवासाची एक सूचना देऊन थांबतो. ७ डिसेंबरला दादरच्या फलाटावर गाडीत चढायची खटपट करू नये. लोकलने सरळ छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जावे, तिथे गाडी रिकामी लागते. निदान दोन तास आधी पोचावे, रांगेत बायका आणि म्हातारी माणसे पुढे ठेवावीत, आणि पाण्याची बाटली भरून घ्यावी. जागा मिळाली तर बायकांनी पाणी प्यावे.